एकखांबी तंबू

एखाद्या घराचा सर्व कारभार एकाच कर्त्या पुरुषाच्या शिरावर असला म्हणजे त्यास 'एकखांबी तंबू' म्हणण्याची आपल्याकडे वहिवाट आहे. हा शब्दप्रयोग आम्हीं विद्यार्थ्यांच्या निबंधांत शेंकडों वेळां तपासला, त्याखालीं शाबासकीची खूण केली, आणि वडील वारले तेव्हां त्यांच्यावर लिहिलेल्या चार ओळींत स्वतःही वापरला. परंतु एका खांबाचा तंबू प्रत्यक्ष कसा असतो, तो उभा कशानें राहतो, हें पाहण्याचा योग मात्र साठी उलटून गेल्यावर, गेल्या नाताळच्या सुटींत आला. तो अनुभव कांहीं अंशीं मौजेचा आणि कांहीं अंशीं आम्हांस मान खालीं घालावयास लावणारा आहे. मौजेचा तेवढा भाग सांगून थांबावें असें प्रथम मनांत होतें. पण मग हा लेख लिहिण्याचें कारणच उरत नाहीं.

आमचा पुतण्या पुण्यास संगणकाच्या धंद्यांत नोकरीस आहे. आठवड्याचे पांच दिवस काचेच्या इमारतींत कोंडून घेतल्यावर उरलेले दोन दिवस रानांत काढण्याची हौस हल्लींच्या तरुणांस असते. ती त्यासही जडली. दिवाळीनंतर त्यानें एक तंबू विकत घेतला व परस्पर नागपुरास आमच्या पत्त्यावर पाठवून दिला. गांठोडें दोघां माणसांनीं उचलून आणिलें. वरच्या चिठ्ठीवर वजन पाहिलें तों ३५ किलो! काकांस मुलानें गालिचा पाठविला, असा आमच्या कुटुंबाचा समज झाला व तो दूर होईपर्यंत पुतण्याचें फार कौतुक चाललें होतें.

या तंबूस इंग्रजींत 'बेल टेंट' म्हणतात. आकार देवळांतील घंटेसारखा, म्हणून हें नांव. मधोमध एक खांब, त्याच्या टोंकापासून चोहों बाजूंस उतरत गेलेलें जाड सुती कॅनव्हसचें छत, आणि जमिनीलगत गुडघ्याच्या थोडी वर येईल एवढी उभी भिंत. आपल्या पालास दोन खांब व वर आडवें दांडकें असतें. येथें आडवें असें कांहींच नाहीं. क्रिमियाच्या युद्धांत इंग्रज शिपाई अशाच तंबूंत पाय खांबाकडे व डोकीं भिंतीकडे करून, गाडीच्या चाकाच्या आऱ्यांप्रमाणें निजत असत. १४ नोव्हेंबर १८५४ रोजीं बालाक्लाव्हा येथें मोठें वादळ झालें, त्यांत छावणीचे तंबू उडाले आणि आजारी माणसें सुद्धां उघड्यावर पडलीं. पुढें १८५६ सालीं अमेरिकेच्या सैन्यांतील हेन्री सिब्ली नांवाच्या अधिकाऱ्यानें तिकडील मैदानी टोळ्यांचे 'टिपी' नांवाचे कातड्याचे तंबू पाहून त्याच धर्तीच्या एकखांबी तंबूचें पेटंट घेतलें. म्हणजे ही वस्तु मूळची लष्करी आहे. सुखासाठीं तिची योजना झालेली नाहीं, हें आमच्या पुतण्यानें आम्हांस आधीं सांगितलें नव्हतें.

तंबू आम्हां नागपूरकरांस अगदींच अपरिचित आहे असें नव्हे. हें शहर १९५६ पर्यंत प्रांताची राजधानी होतें. ब्रिटिश अमदानींत हिवाळा लागला कीं जिल्ह्याचे अधिकारी दौऱ्यावर निघत, आणि तंबू बैलगाड्यांवर लादून पुढच्या मुक्कामास रवाना होत. आमचे आजोबा अशाच एका दप्तरांत कारकून होते. साहेबाच्या डेऱ्यांत गालिचा आणि कारकुनांच्या पालांत चिखल, एवढाच त्या काळाचा इतिहास आमच्या घरांत परंपरेनें आलेला आहे. दौरे हिवाळ्यांतच कां निघत, हें इकडील वाचकांस सांगावयास नको. २०१३ च्या मे महिन्यांत ज्या गांवीं पारा ४७.९ अंशांवर गेला, त्या गांवीं कापडाच्या घरांत दुपार काढणें म्हणजे पुटपाकाची कृति स्वतःवर करून पाहणें होय. थंडीही कांहीं हंसण्यावारी नेण्याजोगी नाहीं. २०१८ च्या डिसेंबरांत येथें ३.५ अंशांपर्यंत पारा उतरला होता.

अमरकोशांत वस्त्राच्या घरास 'दूष्य' हा शब्द दिलेला आहे. 'दूष्य' याचा दोष देण्यास योग्य असाही अर्थ होतो. अमरसिंहाच्या मनांत श्लेष नसेल. पण पावसाची एक रात्र तंबूंत काढलेल्या माणसास तो सुचल्यावांचून राहत नाहीं.

येथें घरांतील एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. महालांतील आमचा वडिलार्जित वाडा तीन वर्षांपूर्वीं पाडला गेला व त्या जागीं सदनिकांची इमारत उभी राहिली. वडील बंधु अण्णा दुसऱ्या मजल्यावर आणि आम्ही चौथ्या मजल्यावर राहतों. घरास लिफ्ट आली आणि बोलणें गेलें. भांडण म्हणावें असें कांहीं झालें नाहीं. झालें असतें तर बरें होतें, कारण भांडण मिटवितां तरी येतें. कागदांवर सह्या करतांना कोणत्या खोलीच्या मोबदल्यांत किती चौरस फूट, यावरून दोन वाक्यें इकडून व दोन तिकडून गेलीं. तेव्हांपासून 'नळ आला कां' आणि 'बिल भरलें' यापलीकडे दोघां भावांचें संभाषण नव्हतें. बायकामुलांचें जाणेंयेणें पूर्वींप्रमाणेंच चालू होतें. अबोला होता तो आम्हां दोघां म्हाताऱ्यांचा. पुतण्या हा अण्णांचाच मुलगा. नऊ माणसांनीं एकाच तंबूंत राहावें हा त्याचा आग्रह कशासाठीं होता, हें न कळण्याइतके आम्ही भोळे नाहीं. आणि कळूनही आम्ही गेलों, तसेच अण्णाही आले.

मुक्कामासाठीं रामटेक व खिंडसी तलाव यांच्या दरम्यान असलेलें आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें शेत ठरलें. नागपुराहून हें अंतर सुमारें ५० किलोमीटर. मनसरपर्यंत जबलपूरचा हमरस्ता आणि तेथून उजवीकडे वळावयाचें. शेतांतून टेंकडीवरील रामाचें देऊळ समोर दिसतें. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं हाच कालिदासाचा रामगिरि असें प्रतिपादन केलें, आणि आम्हां वैदर्भीयांस तें पटण्यास फारसा पुरावा लागला नाहीं. मेघदूतांतला यक्ष येथें तंबूशिवाय राहिला. रघुवंशांत मात्र तंबूचें वर्णन आहे, आणि तेंही विदर्भाच्याच वाटेवर. इंदुमतीच्या स्वयंवरास निघालेला अज पांचव्या सर्गांत नर्मदेच्या कांठीं कापडाच्या राजगृहांत उतरतो आणि पाण्यांतून उसळलेला एक रानहत्ती ती सारी छावणी उधळून लावतो. गाडींत ही कथा आम्ही नातवंडांस सांगूं लागलों, तों सात वर्षांच्या नातवानें विचारलें, "आजोबा, आपल्याकडे पण हत्ती येईल?" आम्हीं नाहीं म्हणून सांगितलें. तंबूवर संकट बाहेरूनच येतें, अशी त्या वेळीं आमची समजूत होती.

तंबू उभारण्याची रीत अशी. बुडाचें जाड कापड जमिनीवर पसरून त्याच्या कडेनें वर्तुळाकार मेखा ठोकावयाच्या. मग एकानें दारांतून आंत शिरून खांब मधोमध उभा करावयाचा. आणि बाकीच्यांनीं बाहेरून तणावे ताणावयाचे. आंत शिरण्याचें काम ज्येष्ठतेच्या नात्यानें आम्हीं मागून घेतलें. अण्णा आमच्याहून सात वर्षांनीं मोठे, पण त्यांस दमा असल्यामुळें ते बाहेर एका तणाव्यापाशीं उभे होते.

आंत अंधार, डोक्यावर सगळ्या कापडाचा भार, आणि हातांत तो खांब. तो केव्हां इकडे कले, केव्हां तिकडे. आम्हीं दोन्ही हातांनीं, खांद्यानें, एकदां तर कपाळानेंही त्यास आवरून धरलें आणि घाम पुशीत मोठ्यानें सूचना देत राहिलों. "काका, नुसता उभा धरा, ओढूं नका," असें पुतण्या बाहेरून ओरडत होता. समोरासमोरचे तणावे एकाच वेळीं ओढावे लागतात; एका अंगाचा आधीं ताणला कीं खांब त्या अंगास गेलाच. अण्णांच्या समोरचा तणावा आमच्या सूनबाईच्या हातांत होता. त्यांचें जमलें, मग दुसऱ्या जोडीचें, मग तिसऱ्या. आणि एका क्षणीं आमच्या हातांतील धडपड आपोआप थांबली. आम्हीं भीत भीत एक हात काढला, मग दुसरा काढला. खांब जागचा हलला नाहीं. खांबानें तंबू धरलेला असतो असें आम्ही समजत होतों. वास्तविक तंबूनेंच खांब धरलेला असतो. वडिलांवर लिहिलेल्या त्या चार ओळी तेव्हां आठवल्या. बावीस माणसांच्या त्या वाड्यांत आईनें, दोन काकूंनीं आणि विधवा आत्यानें कोणकोणते तणावे किती वर्षें ओढून धरले होते, याविषयीं त्यांत एक अक्षरही नव्हतें.

बाहेर येऊन हें कोणास सांगावें असें वाटलें, पण शेजारीं अण्णाच उभे होते.

तंबूचा व्यास ५ मीटर, मधली उंची ३ मीटर आणि भिंत ६० सेंटिमीटर. गणित हा आमचा विषय नव्हे; परंतु अकरा वर्षांच्या नातीनें पेन्सिलीनें काढून दाखविलें कीं, क्षेत्रफळ सुमारें १९.६ चौरस मीटर, म्हणजे २११ चौरस फूट होतें. ऐकून फार समाधान वाटलें. आमची जुनी माजघराची खोली एवढी नव्हती. मग तिनेंच पुढें मांडलें कीं, छत उतरतें असल्यामुळें आजोबांएवढ्या, १.६५ मीटर उंचीच्या माणसास ताठ उभें राहतां येईल असें वर्तुळ खांबाभोंवतीं अवघ्या १.४ मीटरांचें आहे; म्हणजे जागा ६ चौरस मीटरांच्या आसपास, आणि त्याच्याही बरोबर मध्यावर खांब. विकणारे पहिला आंकडा सांगतात, राहणाऱ्याच्या वांट्यास दुसरा येतो. सदनिकांच्या व्यवहारांतही हाच न्याय आहे असें अण्णा हळूच म्हणाले. वाक्य कोणास उद्देशून होतें तें कळलें नाहीं, म्हणून आम्हीं उत्तर दिलें नाहीं.

गोल घराची दुसरी अडचण बायकांच्या ध्यानांत आली. वहिनींनीं रोजच्या पूजेचे देव डब्यांतून आणले होते. ते ईशान्य कोपऱ्यांत मांडावे तर वर्तुळास कोपराच नाहीं! दिशा आहे, पण कोपरा नाहीं, असा शास्त्रार्थ करून आम्हीं होकायंत्रानें जागा दाखविली. तेथें भिंत इतकी ठेंगणी कीं, पूजा करतांना वहिनींस पोटावर वांकावें लागलें. ट्रंका भिंतीस टेंकत नाहींत, दोरीवर धोतर वाळत घालावें तर तें वाटेंत येतें, दार ठेंगणें असल्यामुळें गुडघे धरलेल्या माणसास प्रत्येक वेळीं रांगत बाहेर पडावें लागतें. आणि आमच्या वयास रात्रीं दोनदां तरी बाहेर पडावें लागतेंच. शिवाय आंत दिवा असला म्हणजे आंतल्या माणसांच्या सावल्या बाहेरून स्वच्छ दिसतात. आमचें कुटुंब लुगडें नेसतांना हें सूनबाईच्या लक्षांत आलें व तिनें धांवत जाऊन दिवा मालविला. राहतां राहिले कान. विटांच्या भिंतीस कान असतात असें म्हणतात. कापडाची भिंत म्हणजे सर्वांगीं कानच.

असो. एवढे दोष सांगितल्यावर हेंही सांगितलें पाहिजे कीं, पहिल्या रात्रीइतकी झोंप आम्हांस कित्येक वर्षांत लागली नव्हती. सुती कापडांतून हवा खेळत राहते, त्यामुळें नायलॉनच्या तंबूंत पहांटे छतावरून जें पाणी ठिबकतें तें येथें ठिबकत नाहीं. पाय खांबाकडे व डोकें भिंतीकडे करून नऊ जण निजलों. कोणाचें तोंड कोणाकडे नाहीं, आणि तरी सर्वांचे पाय एके ठिकाणीं. उन्हाळ्यांत महालांतल्या गच्चीवर शिंपडणी करून ओळीनें गाद्या घालीत, त्या रात्रींची आठवण झाली. अण्णा आमच्या डाव्या हातास होते, त्या काळींही तेच असत. दुरून कोल्ह्यांची हुकी ऐकूं आली. पहांटे प्रकाश एका बाजूनें न येतां सगळ्या छतांतून एकदम पाझरूं लागला, जणू आपण दुधाच्या भांड्यांत निजलों आहों. त्याच सकाळीं रामटेकच्या वानरांपैकीं दोघांनीं आमच्या चिवड्याचा डबा पळविला, त्याचें कोणास फारसें वाईट वाटलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं आभाळ आलें. पुसाच्या महिन्यांत आमच्याकडे असा पाऊस अधूनमधून येतो व हरभऱ्याचें आणि संत्र्याच्या आंबिया बहाराचें नुकसान करून जातो. तंबूबरोबर आलेल्या पत्रकांत लिहिलें होतें कीं, नवें कापड वापरण्यापूर्वीं एक-दोनदां भिजवून वाळवावें. त्यामुळें सूत फुगतें व विणीचीं भोकें बुजतात. नवें मडकें वापरण्यापूर्वीं पाणी भरून ठेवतात तशांतलीच ही गोष्ट. पण गच्चीवर पाणी वाया घालवूं नये म्हणून आम्हींच त्यास मना केलें होतें. शिवणींतून पाणी झिरपूं लागलें. कापड ओलें असतां आंतून बोट लावूं नये, असेंही पत्रकांत होतें. बोट लागतें तेथें पाणी आंत ओढलें जातें व थेंब सुरू होतो. हें नातवास समजावून सांगतांना आम्हीं नेमकें कोठें बोट लावूं नये तें बोट लावून दाखविलें. तो थेंब रात्रभर अण्णांच्या उशीवर पडत राहिला. त्यांनीं उशी सरकविली, बोलले कांहीं नाहींत.

ढगाळ रात्रीं थंडी कमी असते हें भूगोलाच्या पुस्तकांत खरें आहे. परंतु ओल्या वाऱ्याचा गारठा निराळा. अण्णांस खोकला सुरू झाला. एकेक ढांस ऐकून आम्हांस राहवेना. शेतमालकाच्या घरून आम्हीं कोळशाची शेगडी मागून आणिली, दम्यास धूर नको म्हणून बाहेर ठेवून निखारे लाल फुलूं दिले, आणि मग ती खांबाजवळ, सर्वांच्या पायांपाशीं ठेविली. वाऱ्याचे झोत येऊं नयेत म्हणून शेंड्याजवळचे झरोके बांधून टाकले.

सूनबाई म्हणाली, "बाबा, बंद तंबूंत शेगडी नको. कोळशाचा वायू सांचतो."

"बाळंतिणीच्या खोलींत महिना महिना शेगडी असे," आम्ही म्हणालों. "त्याच खोलींत आम्ही दोघे वाढलों."

"त्या खोल्यांना कौलें होतीं, बाबा. फटी होत्या."

"धूर दिसतो आहे कां तुला कोठें? आतां हें तूं मला शिकविणार?"

ती गप्प बसली. आमचा मुलगाही गप्प बसला. एवढेंच झालें कीं, तिनें आपलें अंथरूण उचलून दाराशीं नेलें, आणि दाराची चेन खालून वीतभर उघडी ठेवली. वारा येतो म्हणून आम्हीं दोनदां कुरकुर केली. तिनें झोंपल्याचें सोंग केलें.

धुरावरून अग्नीचें अनुमान करणें हें न्यायशास्त्रांतलें पहिलें उदाहरण होय. त्याच्या लगेच पुढें, अग्नि असून धूर नसतो याचें उदाहरण म्हणून तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा सांगतात. तर्कसंग्रह आम्हीं तरुणपणीं मुखोद्गत केला होता. म्हणजे धूर नाहीं म्हणून धोका नाहीं, हें अनुमान चुकीचें आहे हें समजण्यास आम्हांस रसायनशास्त्राचीही जरूर नव्हती. कोळसा अपुऱ्या हवेंत जळला म्हणजे कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. आणि रक्तांतील रंजकद्रव्याशीं तो प्राणवायूच्या दोनशें पटींहून अधिक जोरानें बिलगतो. जें कापड कोरडें असतांना श्वास घेतें, तेंच भिजल्यावर सुतें फुगून मिटतें. तंबूचा जो गुण पहिल्या रात्रीं आम्हीं वाखाणला, तो दुसऱ्या रात्रीं पावसानें काढून घेतला होता, आणि उरलीसुरली वाट आम्हीं स्वतःच्या हातानें बांधून टाकली होती.

रात्रीं दोनच्या सुमारास नात उठून बसली आणि डोकें दुखतें म्हणून रडूं लागली. मग तिला वांती झाली. आम्ही उठूं गेलों तों पाय आपले वाटेनात. पडशाचा ताप असेल, असें कांहींतरी आम्ही पुटपुटलों. सूनबाईनें एक शब्द बोलण्यांत वेळ घालविला नाहीं. तिनें दार सबंध उघडलें, ओल्या फडक्यानें शेगडी धरून बाहेर पावसांत फेंकली, दोन्ही मुलांस ओढून बाहेर काढलें, आणि मग एकेकास नांवानें हांक मारून उठविलें. अण्णा हांक मारूनही उठेनात. ती अर्धी घटका असेल किंवा अर्धें मिनिट असेल, आम्हांस सांगतां येणार नाहीं. पुतण्यानें व मुलानें त्यांस खांद्यांखालीं धरून बाहेर आणिलें, तेव्हां पाऊस तोंडावर येऊन त्यांनीं डोळे उघडले.

सगळे शेताच्या गोठ्यांत जाऊन बसलों. शेतमालक कंदील घेऊन धांवत आला. "गुरुजी, अंदर शेगडी कायले नेली?" एवढेंच त्यानें विचारलें. चाळीस वर्षें आम्हीं मुलांस प्रश्न विचारले. इतका साधा प्रश्न आणि इतकें निरुत्तर होणें आम्हांस पूर्वीं ठाऊक नव्हतें. सूनबाई मुलीचें डोकें मांडीवर घेऊन बसली होती. तिची क्षमा मागावी असें फार वाटलें. सासऱ्यानें सुनेची क्षमा मागण्याचे शब्द आमच्या घराण्यांत कोणी कधीं वापरलेले नसल्यामुळें जिभेवर येईनात. शेवटीं, "तूं दार उघडें ठेवलें होतेंस," असें आम्ही म्हणालों. ती म्हणाली, "हो बाबा." ती क्षमा तिनें कितपत पोंचती करून घेतली, तें तिलाच ठाऊक.

अण्णा गव्हाणीस टेंकून, अंगावर पोतें घेऊन बसले होते. बराच वेळ गेला. गुरें रवंथ करीत होतीं.

"मूर्ख आहेस," ते म्हणाले.

"होय," आम्ही म्हणालों.

"पण शेगडी माझ्यासाठीं आणलीस."

तीन वर्षांत आमच्याशीं ते नळ आणि बिल यांवांचून बोलले ते हें पहिलें. मग उजाडेपर्यंत आम्ही दोघे बोलत राहिलों. वाड्याविषयीं एक अक्षर नाहीं. आत्याच्या हातच्या थालिपिठांविषयीं, गच्चीवरच्या मच्छरदाण्यांविषयीं, आणि वडील शेवटच्या आजारांत दोघांस काय काय म्हणाले त्याविषयीं. तेव्हां असें दिसून आलें कीं, दोघांस ते निरनिराळें म्हणाले होते.

सकाळीं गांवांतील डॉक्टरांनीं सर्वांस तपासलें, अण्णांस व नातीस कांहीं वेळ प्राणवायु दिला. बोटास लावण्याचें यंत्र सर्वांचें ठीक दाखवीत होतें. तें पाहून आम्ही हुशारलों, तों डॉक्टर म्हणाले कीं, हा वायु व प्राणवायु यांतला फरक त्या यंत्रास कळत नाहीं, त्यावर विसंबूं नये. ज्या घरांत हिवाळ्यांत बाळंतिणीसाठीं किंवा वृद्धांसाठीं अजून शेगडी पेटते आणि खिडक्या मात्र नव्या घट्ट बसणाऱ्या काचेच्या आहेत, त्या घरांतील वडील मंडळींनीं हें वाक्य दोनदां वाचावें. तंबूविषयीं हा लेख लिहिला तो अर्धाअधिक याच वाक्यासाठीं.

तंबू ओलाच गुंडाळून परत आणावा लागला, आणि ओलें कॅनव्हस दोन-चार दिवसांत उघडलें नाहीं तर त्यावर बुरशीचे काळे ठिपके पडतात व ते मग निघत नाहींत. म्हणून आल्या दिवशींच तें इमारतीच्या गच्चीवर पसरलें. एका माणसाच्यानें तें उलटत नाहीं. सकाळीं दहाच्या सुमारास अण्णा लिफ्टनें वर येत, आम्ही दोघे दोन टोंकें धरून ऊन जिकडे असेल तिकडे तें फिरवीत असूं, आणि मग टांकीच्या सावलींत खुर्च्या टाकून बसत असूं. वहिनी चहा वर पाठवीत. संक्रांत आली, तिळगूळही आम्ही गच्चीवरच खाल्ला.

संक्रांतीनंतर पुतण्याचा पुण्याहून फोन आला. "काका, तंबू वाळला असेल ना? पाठवून द्या, मित्र मागताहेत."

आम्हीं अण्णांकडे पाहिलें. त्यांनीं खुर्चींतून न उठतांच सांगितलें, "म्हणावें, शिवणींत अजून ओल आहे."

आम्हीं शिवणीवरून बोट फिरवून पाहिलें. ती केव्हांच खडखडीत वाळली होती. अजून आठ-दहा दिवस लागतील, असें आम्हीं पुतण्यास कळविलें.